गप्प टीम, बोलका साहेब

‘आमच्या टीममध्ये संवाद नाही’ अशी तक्रार आज प्रत्येक कार्यालयात ऐकू येते. त्यावर उपाय म्हणून दोन दिवसांचे प्रशिक्षण भरते. फुगे फुगवणे, कागदाचे मनोरे रचणे, टाळ्या वाजवणे असे खेळ होतात. सोमवारी पुन्हा तोच साहेब, तीच बैठक आणि तीच शांतता! आमचा सवाल साधा आहे. चहाच्या टपरीवर तासभर बोलणारा कर्मचारी बैठकीत मुका का होतो? त्याला बोलता येत नाही म्हणून, की बोलल्याची किंमत त्याला ठाऊक आहे म्हणून?

आम्ही सामाजिक संस्थांमध्ये काम करणारी माणसे. या संस्थांत वस्तीत फिरणारा कार्यकर्ता बहुतेक वेळा आपल्यातला असतो. कोणत्या गल्लीत पाणी येत नाही, कोणाच्या मुलीची शाळा सुटली, हे त्याला तोंडपाठ असते. आढावा बैठकीत मात्र त्याला एवढेच विचारतात, “टार्गेट किती झाले?” त्याने आणलेली माहिती समन्वयकाच्या इंग्रजी अहवालात जाते आणि देणगीदारासमोर समन्वयकाचे कौतुक होते. तो मात्र आनी-पानी बोलतो म्हणून त्याला ‘कम्युनिकेशन सुधारा’ असा सल्ला मिळतो. शुद्ध बोलणाऱ्याचे अज्ञान खपते, अशुद्ध बोलणाऱ्याचे ज्ञान खपत नाही. याला कौशल्याचा अभाव म्हणायचे की जुनीच उतरंड नव्या टेबलावर मांडली म्हणायचे?

जात ही श्रमाच्या विभागणीबरोबर श्रमिकांचीही विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी 1936 सालीच ‘जातिनिर्मूलन’मध्ये दाखवून दिले. डोके एकाने वापरायचे, पाय दुसऱ्याने झिजवायचे, ही वाटणी जिथे पक्की असते तिथे आदेश खाली जातात, पण सत्य वर येत नाही. आणि खरे निर्णय बैठकीत होतच नाहीत. ते होतात एकत्र डबा खाणाऱ्यांत, घरी जाणे-येणे असणाऱ्यांत. त्या वर्तुळाबाहेरच्याला निर्णय शेवटी कळतो. मग ‘तुम्ही पुढाकार घेत नाही’ हे ऐकायलाही तोच असतो.

यावर व्यवस्थापनाचे ठरलेले उत्तर असते, ‘सगळ्यांचे ऐकत बसलो तर काम कधी होणार?’ या युक्तिवादाला संविधान सभेचा इतिहास पुरेसा आहे. मसुद्यावर 7,635 दुरुस्त्या आल्या, त्यातल्या 2,473 प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. त्या सगळ्यांचा निकाल लावून तीन वर्षांच्या आत एवढ्या मोठ्या देशाचे संविधान तयार झाले. आणि आमच्या साहेबांना दहा माणसांचे ऐकायला वेळ नाही!

25 नोव्हेंबर 1949 चे बाबासाहेबांचे भाषण आपण सामाजिक आणि आर्थिक विषमतेच्या इशाऱ्यासाठी वाचतो. ते टीम कशी चालवावी यासाठीही वाचा. त्यात त्यांनी श्रेय एकट्याकडे ठेवले नाही. संविधानाचा प्राथमिक आराखडा करणारे बी. एन. राव, मसुदा लिहिणारे एस. एन. मुखर्जी आणि त्यांच्या हाताखालचा कर्मचारीवर्ग या सर्वांचा वाटा त्यांनी भर सभेत सांगितला. सतत विरोध करणाऱ्या कामत, के. टी. शहा, पंजाबराव देशमुख यांच्यासारख्या सदस्यांना त्यांनी बंडखोर म्हटले आणि त्यांचे आभारही मानले. त्यांच्या सूचना स्वीकारता आल्या नाहीत म्हणून त्यांचे मोल कमी होत नाही, हेही सांगितले. निर्णय घेणे हा नेत्याचा अधिकार आहेच. पण आधी ऐकणे आणि नकाराचे कारण देणे हे त्याचे कर्तव्य आहे.

त्याच भाषणात बाबासाहेबांनी भिक्खू संघाचा दाखला दिला. ठराव, गणसंख्या, मतमोजणी हे सारे नियम संघात होते. विनयात महत्त्वाच्या कामासाठी आधी प्रस्ताव मांडायचा, मग तीन वेळा विचारायचे आणि त्यानंतरच मौनाला संमती मानायची, अशी रीत आहे. आमच्या कार्यालयांत एकदाही न विचारता मौनाला संमती धरतात!

साथींनो, हा आरसा फक्त प्रस्थापितांसमोर धरून चालणार नाही. आपल्या संघटनांतही अध्यक्ष दीड तास बोलतात आणि सतरंज्या उचलणाऱ्या पोरांना शेवटी ‘काही सूचना?’ एवढेच विचारले जाते. स्वयंपाक आणि स्वागत महिला कार्यकर्त्यांकडे, माईक मात्र पुरुषांकडे. प्रश्न विचारणारा लगेच ‘फुटीर’ ठरतो. राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते, हा इशारा त्याच भाषणात आहे. तो आपल्या नेत्यांना लागू नाही काय?

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. बैठकीचे विषय दोन दिवस आधी सर्वांना लेखी द्या. बोलण्याची सुरुवात सर्वात कनिष्ठ माणसापासून करा, साहेबांनी शेवटी बोलावे. इतिवृत्तात विरोधी मतही नावासह नोंदवा. अहवालावर माहिती आणणाऱ्याचे नाव छापा. सूचना फेटाळली तर कारण लेखी द्या. यातल्या एकाही गोष्टीला पैसा लागत नाही. लागते ती अधिकार वाटून घेण्याची तयारी, आणि नेमकी तीच फुगे फुगवून येत नाही.

तरुण मित्रांनो, नोकरी गमावण्याची भीती खरी आहे. एकट्याने उसळून बोलाल तर एकटे पाडले जाल. आधी दोघे-तिघे एकत्र या, मुद्दे लिहून काढा, ते ईमेलने पाठवा, इतिवृत्ताची प्रत मागा. तोंडी बोललेले पुसले जाते, कागदावरचे टिकते. आणि उद्या त्या खुर्चीत तुम्ही बसाल तेव्हा पहिला प्रश्न गप्प बसलेल्या माणसाला विचारा. शिकलेल्या माणसाचे नेतृत्व तिथेच ओळखू येते.

जयभीम!