विमान विकू नका, विमानाचा नंबर विका

लढाऊ विमानांची, रणगाड्यांची स्केल मॉडेल्स बनवायचा छंद आहे, राहतो मालेगावात, याचा धंदा होईल का? माझं मत विचाराल तर होईल. पण खेळण्यांच्या दुकानात नाही.

खेळण्यांच्या दुकानात तुमची गाठ साच्यातून धडाधड निघणाऱ्या मालाशी पडते. प्लास्टिकच्या किटचा साचा बनवायलाच लाखो रुपये जातात. तिथे स्वस्त विकायच्या नादाला लागू नका. किट सरळ विकत घ्या आणि साच्याला जे जमत नाही ते काम त्यावर करा.

आता गिऱ्हाईक कुठे? महामार्गाने ८०-८५ किलोमीटर गेलात की ओझर. तिथल्या एचएएलच्या कारखान्याची सुरुवात १९६४ ची. आधी मिग-२१, मग मिग-२७, नंतर सुखोई-३०. तिथे उभी हयात घालवलेली माणसं आज निवृत्त आहेत. त्यात २६ सप्टेंबर २०२५ ला हवाई दलाने मिग-२१ ला चंदीगडला निरोप दिला. वडिलांच्या पंचाहत्तरीला काय द्यावं, असा प्रश्न पडलेल्या मुलाला तुमचं मॉडेल दाखवा. पण त्याला कुठलंही मिग नको असतं बरं का. वडिलांनी ज्यावर हात चालवला तेच हवं असतं, शेपटीवरच्या नंबरासकट.

आणि इथेच अभ्यास लागतो. मिग-२१ च्या एफएल प्रकाराला अंगची तोफ नव्हती, बिसला होती. बिसची पाठही जास्त फुगीर. तुम्ही बिसचं किट रंगवून एफएल म्हणून दिलंत, तर मुलाला कळणार नाही, पण वडील चष्मा लावतील आणि एका मिनिटात मॉडेल बाजूला ठेवतील. रणगाडे करणार असाल तर अहिल्यानगरचं रणगाडा संग्रहालय एकदा नीट बघून या. नेटवरच्या फोटोत चाकांवरचा गंज आणि माती कशी बसते ते कळत नाही.

जपानची तामिया कंपनी १९४६ मध्ये लाकूड कापायचा धंदा म्हणून सुरू झाली. पुढे तिने लाकडी मॉडेल्स केली, मग प्लास्टिकची. तिचा पहिला मोटरवाला रणगाडा आत बॅटरी मावावी म्हणून अमुक मापाचा केला आणि त्यातूनच १:३५ हे माप जगभर रुजलं. चेक देशातली एडुआर्ड तर दुसऱ्यांच्या किटला लागणारे पत्र्याचे बारीक सुटे भाग विकून नावारूपाला आली. पूर्ण विमानच विकलं पाहिजे असं कुठे लिहिलंय? भारतीय स्क्वाड्रनच्या नंबरांचे स्टिकर, नावाची पाटी, काचेची पेटी, यातलं एकच चांगलं केलंत तरी चालेल.

मालेगावकरांना हे नव्याने शिकवायची गरज नाही खरं तर. नासिर शेख यांनी ‘मालेगाव के शोले’ केला, पुढे आपला सुपरमॅनही केला. सुपरमॅन जगाचा, पण अंगकाठी लूमवर काम करणाऱ्या माणसाची. लोकांना तेच आवडलं.

भावाचं मात्र कडक राहा. समजा एका मॉडेलला ४० तास लागले आणि तासाचे १०० रुपये धरले, तर मजुरीच ४,००० झाली. किट, रंग, खोकं वेगळं. ‘घरीच तर बनवतो’ म्हणून मजुरी सोडणारा माणूस सहा महिन्यांत ब्रश खाली ठेवतो. निम्मे पैसे आगाऊ घ्या. पाटीवर अशोकस्तंभाची राजमुद्रा छापू नका, त्यासाठी २००५ चा कायदा आहे.

मालेगावचा खास त्रास म्हणजे लूमच्या कापसाचा भुरका. ओल्या रंगावर बसला की पंख मखमली दिसतात. रंगकाम बंद पेटीत करा, मास्क लावून. थ्रीडी प्रिंटचे पीएलएचे भाग ६० अंशांच्या आसपास मऊ पडतात, त्यामुळे मे महिन्यात बंद गाडीतून माल पाठवताना जपून.

पहिला नमुना १:७२ मध्येच करा. त्या मापात मिग-२१ चा पंखविस्तार जेमतेम १० सेंटिमीटर भरतो, घरातल्या शोकेसमध्ये आरामात बसतो. सुखोई मात्र ३० सेंटिमीटर लांब होतो. त्याच्या खोक्याचा आणि कुरिअरचा खर्च आधी विचारून या, मग गिऱ्हाइकाला भाव सांगा.