पेन ड्राइव्ह अडला तर ओढू नका

रियाध, दम्माम, जुबैल, जेद्दा इथं नोकरीला असलेल्या मराठी मंडळींना एक कळकळीची विनंती आहे. कॉम्प्युटरनं ‘डिव्हाइस वापरात आहे’ असं सांगून पेन ड्राइव्ह सोडायला नकार दिला, तर तो हिसकून काढू नका. आपल्यापैकी कित्येकांच्या अटेस्टेड डिग्रीचे स्कॅन, अनुभवाचे दाखले, इकाम्याच्या आणि पासपोर्टच्या प्रती, गावच्या घराच्या कर्जाचे कागद, मुलांचे फोटो, सगळं एकाच पेन ड्राइव्हवर असतं. मूळ कागद गावी कपाटात आणि आपण इकडे. स्कॅन गेला की घरच्या कुणाला तरी धावपळ करावी लागते.

‘वापरात आहे’ याचा अर्थ एवढाच, की कुठल्या तरी प्रोग्रामनं त्यातली फाइल अजून सोडलेली नाही. पेन ड्राइव्हवर कुठली फाइल कुठे आहे याची एक नोंद असते, गोदामातल्या मालाची वही असते तशी. ही नोंद अर्धी लिहिलेली असताना ड्राइव्ह निघाला, तर माल जागेवर असूनही सापडत नाही. आपले बहुतेक पेन ड्राइव्ह फॅट३२ किंवा एक्सफॅट पद्धतीचे असतात. अर्धवट राहिलेलं काम ताळ्यावर आणायची सोय त्यांत नसते. विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून ‘क्विक रिमूव्हल’ ही पद्धत आपोआप लागू असते, त्यामुळे लिहिणं पूर्ण झालेलं असेल तर एरवी काढलेला ड्राइव्ह सहसा बिघडत नाही. पण वापरात असल्याचा संदेश आला असेल, तेव्हा या सवलतीच्या भरवशावर राहू नका.

फाइल धरणारा बहुतेक वेळा आपल्या समोरच असतो. झेरॉक्सच्या दुकानात आपण पेन ड्राइव्हवरूनच वर्डची फाइल उघडतो, प्रिंट देतो आणि खिडकी तशीच राहते. वर्ड फाइल उघडताना शेजारी ~$ नं सुरू होणारी एक लपलेली छोटी फाइल तयार करतो. ती दिसत असेल तर मूळ फाइल बहुधा अजून उघडी आहे. म्हणून आधी वर्ड, पीडीएफ, फोटो, व्हिडिओ सगळं बंद करा, मग पेन ड्राइव्हच्या फोल्डरची खिडकी बंद करा, आणि मिनिटभर थांबून पुन्हा इजेक्ट करा. तरीही अडला तर टास्क मॅनेजरमध्ये ‘विंडोज एक्सप्लोरर’ निवडून रीस्टार्ट करा. कोण अडवतंय हे नेमकं कळायला हवं असेल, तर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये विंडोज लॉग्जखालच्या ‘सिस्टिम’मध्ये कर्नल-पीएनपीची २२५ क्रमांकाची नोंद शोधा. अडवणाऱ्या प्रोग्रामचं नाव तिथं लिहिलेलं असतं.

लिनक्स वापरणाऱ्यांनी आधी टर्मिनल पेन ड्राइव्हच्याच फोल्डरमध्ये तर उभा नाही ना, हे पाहावं. तिथून बाहेर या, की बऱ्याचदा काम होतं.

इथल्या दुकानांत स्क्रीन अरबीत असते आणि माणूस गोंधळतो. अरबी विंडोजमध्ये सगळी मांडणी उलटी असते: घड्याळ खाली उजवीकडे नसून डावीकडे असतं आणि इजेक्टचं चिन्हही तिथेच असतं. अक्षरं वाचता आली नाहीत तरी बरोबरच्या खुणेचं छोटं यूएसबीचं चिन्ह ओळखता येतं. सापडलं नाही तर दुकानदाराला विचारा.

कंपनीच्या कॉम्प्युटरची गोष्ट वेगळी. १५ ऑगस्ट २०१२ ला, रमजानच्या शेवटच्या दिवसांत, शमून व्हायरसनं सौदी अरामकोच्या सुमारे ३०,००० कॉम्प्युटरना फटका दिला. २०१७ मध्ये इथं राष्ट्रीय सायबर सुरक्षा प्राधिकरण स्थापन झालं, आणि त्याच्या २०१८ च्या नियमांत बाहेरच्या स्टोरेजवर कडक मर्यादा घालायला सांगितलं आहे. म्हणून स्वतःचा पेन ड्राइव्ह आयटी विभागाला विचारल्याशिवाय ऑफिसात लावूच नका. परवानगी घेऊन लावलात, तर अँटिव्हायरस एकेक फाइल तपासतो आणि तोवर ड्राइव्ह सोडत नाही. हजारो फोटो असतील तर वेळ लागणारच. ते तपासणं मध्येच थांबवू नका.

काहीच जमलं नाही, तर कॉम्प्युटर बंद करा. विंडोजमध्ये शिफ्ट दाबून शट डाउन केलं की तो पूर्ण बंद होतो. पंखा थांबून दिवे विझल्यावर ड्राइव्ह काढा.

आणि ज्यांचा ड्राइव्ह आधीच ओढला गेलाय त्यांना सांगतो: पुढच्या वेळी ‘डिस्क फॉरमॅट करा’ असा प्रश्न आला तर कॅन्सल दाबा. त्यावर नवं काही साठवू नका. फोटोरेक किंवा रेकुव्हासारख्या प्रोग्रामनं फाइली आधी दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या. दुरुस्तीचं नंतर बघू.

सगळ्यात जास्त घाई फायनल एक्झिटच्या वेळी होते. लॅपटॉप परत करायचा असतो, आणि नेमके तेव्हाच आपण त्यातले घरचे फोटो आणि कागद उतरवायला बसतो. हे काम आठवडाभर आधी करा. कॉपी झाल्यावर नीट इजेक्ट करा, तोच पेन ड्राइव्ह एखाद्या मित्राच्या कॉम्प्युटरला लावून दोन-चार फाइली उघडून बघा, सगळ्याची आणखी एक प्रत दुसऱ्या ड्राइव्हवर ठेवा, आणि मगच लॅपटॉप जमा करा.