धाटावची पगारपावती आणि हमरापूरची आखणी

जागतिकीकरणामुळे सरकारने आरोग्य-शिक्षणावरचा हात आखडता घेतला, असे एक बाजू सांगते. तिजोरीत भर पडली म्हणूनच नव्या योजना परवडल्या, असे दुसरी सांगते. 2005 साली दोघींनाही पुरावा मिळाला. संसदेने त्याच वर्षी करसवलतींचा विशेष आर्थिक क्षेत्र (सेझ) कायदा केला आणि रोजगार हमीचाही.

रायगड जिल्ह्यातल्या पेणने हा पेच अंगावर घेतला. 21 सप्टेंबर 2008 रोजी हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या 22 गावांत प्रस्तावित सेझवर मतदान झाले. सेझला विरोध करणारा तिथला शेतकरी परदेशी भांडवलाला घाबरला, असे म्हणणे अन्यायाचे आहे. सरकारी पैशातून धरण झाले होते. त्याचे पाणी शेतात यायच्या आधीच शेत मागितले जात होते. सामाजिक खर्चाचा हिशेब या शेतकऱ्याने मंत्रालयापेक्षा नेमका मांडला.

रोह्यात चित्र वेगळे. धाटाव एमआयडीसीतल्या रासायनिक कारखान्यांनी नियमित पगार आणला. कुंडलिका नदीने त्याची किंमतही मोजली. पगारमर्यादेत बसणाऱ्या कायम कामगाराच्या पगारातून कामगार राज्य विम्याचा हप्ता कापला जातो. जुलै 2019 मध्ये मालकाचा हिस्सा 4.75 वरून 3.25 टक्क्यांवर आला, कामगाराचा 1.75 वरून 0.75 वर. दर उतरले की नोंदणी वाढेल, हा सरकारचा युक्तिवाद मला अगदीच पोकळ वाटत नाही. पण ठेकेदाराच्या वहीपलीकडे ज्याचे नावच जात नाही, त्याला दर किती याने काय फरक पडणार?

पेण तालुक्यातल्या हमरापूर-जोह्याच्या गणपती कारखान्यांत तर वहीचीही खात्री नाही. परदेशी जाणाऱ्या मूर्ती चतुर्थीच्या कितीतरी आधी कंटेनरमध्ये चढतात. मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करणारा हात श्वास रोखून एक रेघ ओढतो, आणि मजुरी नगावर मिळते. नजर अधू झाली की काम संपते. विमा कायद्याला किमान दहा माणसे लागतात; घरच्या पडवीतला कारखाना त्यात बसतच नाही.

म्हणून माझे मत निर्यातीच्या विरोधात नाही, वसुलीच्या बाजूने आहे. महाराष्ट्राने 1969 साली माथाडी कायदा करून, मालक रोज बदलत असले तरी हमालाच्या मजुरीवर लेव्ही घेऊन मंडळामार्फत भविष्य निर्वाह निधी देता येतो, हे दाखवले. मूर्ती घडवणाऱ्या कामगारांसाठी तसेच मंडळ हवे. कर्जावर हंगाम काढणाऱ्या छोट्या कारखानदाराची भीती खरी आहे, तेव्हा लेव्ही फक्त परदेशी जाणाऱ्या मालावर, निर्यातदाराकडूनच घ्यावी. त्यातला पहिला खर्च आखणी करणाऱ्यांच्या डोळ्यांच्या तपासणीवर व्हावा.