रुपयाला साठ पैसे

महिन्याची पंचवीस तारीख उलटली की वसुलीच्या फोनांना ऊत येतो. बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला याचं नवल वाटत नाही. शाखेचा, एजन्सीचा, फोनवर बसवलेल्या त्या पोराचा, सगळ्यांचाच आकडा महिनाअखेरीला जुळायचा असतो. पण हे फोन जातात कुणाला? नंबर बदलून, घराला कुलूप लावून जो गायब झाला, त्याला नाही. त्याच्या नावापुढे ‘संपर्क होत नाही’ असा शेरा पडलेला असतो. फोन जातात ते उचलणारीला. थोडे का होईना, पैसे भरते तिला. फेड सुरू केली की तगादा कमी होईल ही समजूत पहिल्या महिन्यातच गळून पडते.

निवृत्तीनंतर मी कर्जतला असतो आणि लोक कागद घेऊन येतात. पूर्वी अर्ज भरून घ्यायला यायचे, आता नोटिसा वाचून घ्यायला येतात. दहिवलीची एक बाई अशीच आली. तिचं नाव इथे नको. नवरा खोपोलीला एका कारखान्यात कंत्राटी कामगार. ओव्हरटाइम धरून घरात महिन्याला चोवीस हजार यायचे, ओव्हरटाइम बंद झाला आणि ते एकोणीसवर आले. हप्ते मात्र होते तेच राहिले. दोन ग्रुप लोन, मोबाइलवरच्या अॅपमधून घेतलेलं एक कर्ज, फ्रिजचा हप्ता आणि नवऱ्याच्या मोटारसायकलचा. एकूण साडेअकरा हजार. तिचा प्रश्न एकच होता, “काका, आधी कोणाचं भरू?”

तोवर ती काय करत होती, तर जो जास्त ओरडेल त्याचं आधी भरत होती. सगळे तेच करतात. अॅपवाला रोज पाच-सहा वेळा फोन करायचा म्हणून त्याला पूर्ण हप्ता, फ्रिजवाला नुसता मेसेज टाकायचा म्हणून त्याला काहीच नाही. म्हणजे घराचं अंदाजपत्रक ठरवत होता दूर कुठल्या तरी कॉल सेंटरमधला एक अनोळखी पोरगा.

आम्ही एक पान घेतलं. वर उत्पन्न, एकोणीस हजार. खाली तांदूळ, तेल, गॅस, लाइट बिल, पोरांची शाळा, सासूची गोळ्या-औषधं. अकरा हजार. हे कुणाला वाटायचे नाहीत, हे आधी ठरवून टाकलं. उरले आठ. त्यातले सव्वीसशे मोटारसायकलला, पूर्ण. पाळीच्या वेळेला खोपोलीची लोकल जुळतेच असं नाही, आणि हप्ता थकून गाडी ओढून नेली तर ड्यूटीही गेली. उरले चोपन्नशे, आणि बाकी चौघांचे हप्ते मिळून आठ हजार नऊशे. रुपयाला साठ पैसे. प्रत्येकाला त्याच प्रमाणात. पहिल्या ग्रुपला चोवीसशे पन्नासऐवजी चौदाशे सत्तर, दुसऱ्याला एकोणीसशेऐवजी अकराशे चाळीस, अॅपला चौतीसशेऐवजी दोन हजार चाळीस, फ्रिजला साडेअकराशेऐवजी सहाशे नव्वद. साठ रुपये शिल्लक राहिले, ते झेरॉक्स आणि पोस्टासाठी.

विलायतेत असा तक्ता करून देणाऱ्या धर्मादाय संस्था आहेत. सगळे सावकार एका कागदावर आणायचे, त्यांच्याशी बोलायचं, कर्जदाराकडून महिन्याला एकच रक्कम घ्यायची आणि सगळ्यांत वाटायची. इंग्लंड-वेल्समध्ये तर २०२१ पासून साठ दिवसांची उसंत मागता येते, त्या काळात तगादाही थांबतो आणि बहुतेक कर्जांवरचं व्याजही. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने २००९ मध्ये जिल्ह्याजिल्ह्यांत कर्ज-समुपदेशनाची केंद्रं काढायला बँकांना सांगितलं. पण ‘समुपदेशन’ म्हणजे बहुधा बचतीवरचं भाषण आणि खातं उघडायचं शिबिर असंच मी पाहिलंय. चार कंपन्यांना फोन करून कुणी तुमच्या वतीने घासाघीस करतंय, हे चित्र माझ्या तरी नजरेला पडलेलं नाही. तेव्हा तक्ता आपणच करायचा, पत्रंही आपणच लिहायची.

तिच्या दोन ग्रुपांबद्दल कुणी विचारेल की एवढी कर्जं एका घराला मिळालीच कशी. नियमात बसून मिळाली. वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराला सूक्ष्मवित्त कर्ज देताना सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्यावर जाऊ नयेत, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा नियम आहे. चोवीस हजारांचं निम्मं बारा हजार, हप्ते साडेअकरा हजार. कागद स्वच्छ! नियम कर्ज देतानाची कमाई बघतो, फेडतानाची नाही.

त्याच नियमांत एक गोष्ट मात्र कामाची आहे, आणि ग्रुपच्या बायकांना ती कुणी सांगत नाही. वसुली ठरलेल्या जागीच करायची. कर्जदार त्या जागी लागोपाठ दोनदा किंवा जास्त वेळा आली नाही, तरच घरी किंवा कामाच्या ठिकाणी जाता येतं. सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहाच्या नंतर फोनही करायचा नाही. इतर कर्जांना ही वेळ सकाळी आठ ते संध्याकाळी सात आहे. म्हणून मी तिला सांगितलं, पैसे कमी असले तरी मीटिंग चुकवू नकोस. पूर्ण हप्ता नाही म्हणून बायका मीटिंगला जात नाहीत, आणि तिथेच फसतात, कारण त्या गैरहजेरीनेच वसुलीवाल्याला उंबरठ्यावर यायचा परवाना मिळतो.

सांगणं सोपं होतं, जाऊन बसणं तिचं तिला करावं लागलं. ग्रुप लोनमध्ये खरा तगादा कंपनीचा नसतोच. दहा जणी एकमेकींना जामीन असतात. तिचे हजार कमी पडले की बाकीच्यांना उठू देत नाहीत. घरी पोरं उपाशी आहेत, कुणाची लोकल चुकतेय, आणि सगळ्या तिच्याकडे बघतायत. ज्यांच्यासोबत हळदीकुंकवाला जायचं त्याच आता सावकार झालेल्या. तारण नसलेलं कर्ज, असं बँकेच्या भाषेत म्हणतात खरं, पण तारण असतंच. अब्रू तारण असते. अॅपवाल्याला तुमच्या मोबाइलमधले नंबर हवे असतात ते याचसाठी. डिजिटल कर्जासाठी कॉन्टॅक्ट लिस्टला हात लावायचा नाही हा नियम २०२२ पासून आहे, तरी तिच्या भावाला फोन गेलाच. “तुमची बहीण फ्रॉड आहे” असं त्याला सांगण्यात आलं.

भावाला तिने त्याच दिवशी तक्त्याचा फोटो पाठवला. पूर्ण तक्ता, उत्पन्नासकट. मला वाटतं सगळ्या खटाटोपात हीच चाल सर्वांत भारी होती, आणि ती तिची स्वतःची होती. ग्रुपमधल्या दोघींनाही तिने तो दाखवला. लपवायचं काही उरलं नाही की अब्रूच्या तारणाची किंमत उतरते.

हे तारण आपल्या भागात जुनं आहे. कर्जत-खालापूरच्या कातकरी वाड्यांवर पावसाळा सरला की वीटभट्टीवाले येतात, बयाणा देतात, आणि दिवाळीनंतर कुटुंबंच्या कुटुंबं भट्टीवर जातात. हंगाम संपताना हिशेब होतो. वही मालकाची, आकडे मालकाचे, आणि बाकी बहुतेकदा कातकऱ्याच्याच अंगावर. ती बाकी पुढल्या हंगामाचा बयाणा ठरते. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ चा आहे आणि अशा उचलीपोटीचं कर्ज तो फेडलंच समजतो. पण वही वाचता येत नाही तिथे कायदा कोण वाचणार?

माथेरानचे भाई कोतवाल वकील होते. त्यांना आपण सिद्धगडावर २ जानेवारी १९४३ रोजी पडलेले हुतात्मा म्हणून ओळखतो, विजेचे मनोरे पाडणारा आझाद दस्ता आठवतो. त्याआधी त्यांनी याच पट्ट्यात सावकाराच्या दारात जाणाऱ्या शेतकऱ्यांसाठी धान्याच्या बँका काढल्या होत्या, याची आठवण दोन जानेवारीच्या भाषणांत क्वचित निघते. माझ्या मते त्यांचं ते काम मनोऱ्यांइतकंच धोक्याचं होतं.

आणखी मागे जायचं तर १८७५ मध्ये सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची खतं जाळली. सरकारने घाबरून १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. आधी तो पुणे, सातारा, सोलापूर, नगर या चारच जिल्ह्यांना होता. कोर्टाने खताच्या आकड्यावर विसंबू नये, व्यवहार पहिल्यापासून उकलावा आणि ऐपत पाहून हप्ते बांधून द्यावेत, असं त्यात होतं. आणि सावकाराने प्रत्येक भरण्याची पावती द्यावी, असंही होतं. दहिवलीच्या बाईकडे चार महिन्यांचे रोख दिलेले पैसे होते आणि पावती एकाही महिन्याची नव्हती. वसुलीवाल्याने कार्डावर सही केली होती, ती कुणाची ते त्यालाही सांगता आलं नसतं.

म्हणून आता पैसे हातात नाहीत, थेट कर्जखात्यात. दुसरं, जिथे तिचं काहीच देणं नाही अशा बँकेत नवं खातं. जिथे कर्ज तिथेच पगार ठेवला तर बँक परस्पर वळता करून घेऊ शकते. आपोआप हप्ता कापायचं मॅन्डेट जिथे होतं ते लेखी अर्ज देऊन थांबवलं, कारण पूर्ण हप्ता खात्यात नसताना ते दर वेळी परत जायचं आणि दोन्हीकडचे बाउन्स चार्ज बसायचे. इथे जपावं लागतं. मॅन्डेट परत जाणं हा चेक परत जाण्यासारखाच गुन्हा ठरू शकतो, त्यामुळे नोटीस आली तर ती उघडायची, मुदतीत उत्तर द्यायचं, टीव्हीमागे खोचून ठेवायची नाही. दंडावर व्याज आकारायचं नाही, हा रिझर्व्ह बँकेचा २०२३ चा आदेशही पत्रात घातला.

कंपनीला बुडताना एक सोय आहे. दिवाळखोरीच्या २०१६ च्या कायद्याखाली अर्ज दाखल करून घेतला की सगळ्या घेणेकऱ्यांना थांबावं लागतं, कुणाला जप्ती नाही, दावा नाही. याच खालापूर तालुक्यात चौकजवळच्या एन. डी. स्टुडिओच्या कंपनीबाबत लवादाने जुलै २०२३ मध्ये तसा आदेश दिला. थकबाकी २५२ कोटींची होती. आठवडाभराने, २ ऑगस्टला, स्टुडिओ उभा करणारे नितीन देसाई गेले. पुढे पोलिसांत आणि कोर्टात काय झालं त्यात मला पडायचं नाही. कंपनी आणि ती उभी करणारा माणूस, या दोघांची उसंत एक नसते एवढं तेव्हा कळलं. त्याच कायद्यात सामान्य माणसासाठीही एक भाग लिहिलेला आहे. पस्तीस हजारांपर्यंतचं कर्ज असलेल्या अगदी गरिबाला पाटी कोरी करून देण्याची तरतूद त्यात आहे. पण तो भाग आजवर लागू झाला तो फक्त कंपन्यांना हमी देणाऱ्यांपुरता. भट्टीवरच्या माणसाला आणि दहिवलीच्या बाईला अजून नाही. (फोनांनी जीव नको झाला असेल तर १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे. तिथे मराठीतही बोलता येतं, पैसे लागत नाहीत. लिहून ठेवा.)

पोकळी राहिली की दलाल भरतात. ‘कर्जमुक्ती करून देतो, हप्ते बंद करा, आमची फी भरा’ अशा जाहिराती करून कर्जमाफीची खोटी प्रमाणपत्रं देणाऱ्यांबद्दल रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०२३ मध्ये इशारा दिला होता. स्टेशनच्या भिंतीला असा कागद दिसला तर पुढे चालावं. पतसंस्थेचं कर्ज असेल तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाऊन उपयोग नाही, तिथे सहकार खात्याचा सहायक निबंधक. महिना पाच-दहा टक्क्यांचा खासगी सावकार असेल तरी तोच. परवाना नसेल तर २०१४ च्या कायद्याने तो गुन्हेगार आहे, आणि परवाना असला तरी शेतकऱ्याकडून विनातारण कर्जावर वर्षाला बारा टक्क्यांवर घेता येत नाही. वर्षाला, महिन्याला नव्हे.

चार पत्रं गेली, रजिस्टर पोस्टाने. दुसऱ्या ग्रुपच्या कंपनीने मुदत वाढवून हप्ता कमी करून दिला, माणसं बरी निघाली. पहिल्या ग्रुपची कंपनी दर मीटिंगला कुरकुर करत साठ पैसे घेते. फ्रिजवाल्यांचं उत्तरच नाही, पैसे मात्र जमा होतात. अॅपवाल्याने तीस दिवस दाद दिली नाही, म्हणून लोकपालाकडे तक्रार गेली. त्यानंतर फोन थांबले असं नाही. तिने एकच वाक्य पाठ केलंय, “पत्र पाठवलंय, उत्तर लेखी द्या,” आणि फोन ठेवते. आधी ती प्रत्येकाला सासूच्या आजारपणापासून सगळं सांगायची.

गेल्या आठवड्यात अॅपवाल्यांकडून नवा निरोप आला. उरलेल्या रकमेच्या निम्मे एकरकमी भरा, विषय संपवून टाकू. भाऊ पैसे द्यायला तयार होता. मी तिला सांगितलं, निम्म्यात मिटवलंस तर सिबिलमध्ये ‘सेटल्ड’ असा शेरा पडेल. पूर्ण फेडलंस तर ‘क्लोज्ड’. पहिला शेरा पुढल्या बँकेला खटकतो. मोठी मुलगी दहावीला आहे, दोन-तीन वर्षांत शैक्षणिक कर्ज लागेल आणि त्यावर आई नाहीतर बापाची सहकर्जदार म्हणून सही लागते. उलट बाजूही सांगितली, निम्मे पैसे आजच वाचतात आणि फोन आजच थांबतात. मी तिच्या जागी असतो तर बहुधा घेतलं असतं.

तिने नाही म्हणून कळवलं. लेखी.