सांथीच्या दिवसांत बोलावें कसें?

नाक दाबल्यावांचून तोंड उघडत नाहीं, अशी आपल्याकडे म्हण आहे. लहान मुलास काढा पाजतांना तिचा अनुभव घरोघरीं येतो. परंतु एकदां नाक दाबून काढा पाजलेलें मूल दुसऱ्या दिवशीं फुलपात्र दिसतांच पलंगाखालीं दडून बसतें. उलट, “कडू आहे खरा, पण यानें ताप उतरेल, बघ, मीही एक घोट घेतें,” असें म्हणून जी आई पाजते, तिला मुलाचा शोध करीत हिंडावें लागत नाहीं. काढा दोन्ही ठिकाणीं तोच. सांथीच्या दिवसांत राज्यकर्ते आणि लोक यांच्यामध्यें जें बोलणें होतें, त्याचीही गोष्ट अशीच आहे. आपल्याच प्रांतांतील दोन उदाहरणें त्याकरितां येथें मांडतों.

१८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईच्या मांडवी भागांत डॉक्टर अकासिओ व्हिएगस यांनीं प्लेगचे रोगी ओळखले. थोड्याच महिन्यांत सांथ पुण्यास आली. ४ फेब्रुवारी १८९७ रोजीं सांथीच्या रोगांसंबंधीं कायदा झाला. अवघीं चार कलमें. जाहीर नोटीस काढून नियम करण्याचा अधिकार त्यांत होता, नियम मोडणारास शिक्षा होती, अधिकाऱ्यांस संरक्षण होतें; पण लोकांस कांहीं समजावून सांगावें, याविषयीं एक अक्षरही नव्हतें.

पुण्यास प्लेग कमिटीचे अध्यक्ष म्हणून रँडसाहेब आले. मार्चपासून मे महिन्यापर्यंत गोऱ्या शिपायांच्या तुकड्या घरोघर तपासणी करीत फिरल्या. पायांत बूट तसेच ठेवून देवघरांत व स्वयंपाकघरांत शिरणें, सामानसुमान बाहेर काढून जाळणें, रोगी सांपडला कीं त्यास इस्पितळांत आणि घरच्या माणसांस छावणींत नेणें, हा रोजचा क्रम झाला. सोंवळें पाळणाऱ्या घरांतील वृद्ध स्त्रियांस त्या वेळीं काय वाटलें असेल, हें वाचकांस सांगावयास नको. परिणाम व्हावयाचा तोच झाला. लोक आजारी माणूस माळ्यावर, अडगळीच्या खोलींत लपवूं लागले. ज्याला शोधावयाचें तोच दृष्टीआड झाला! पुढें २२ जून १८९७ च्या रात्रीं गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनीं रँड व आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. त्या कृत्याचा न्यायनिवाडा इतिहासकारांनीं करावा. आपणांस येथें एवढेंच पाहावयाचें आहे कीं, रोगाशीं लढावयास आलेले आणि रोगानें गांजलेले एकमेकांचे वैरी कसे झाले.

यांतील खेदाची गोष्ट अशी कीं, इतक्या ठामपणानें हुकूम सोडणाऱ्यांस प्लेग कसा पसरतो हें ठाऊकच नव्हतें. रोगाचे जंतु १८९४ सालीं सांपडले होते. पण मेलेल्या उंदरांवरील पिसवा तो माणसांत आणतात, हें पॉल-लुई सिमों यांनीं १८९८ मध्यें कराचीस दाखविलें, आणि शास्त्रज्ञांस तें पटावयास आणखी कांहीं वर्षें गेलीं. घरांत उंदीर पडूं लागले कीं घर सोडून रानांत झोपडी बांधावी, हें पुढें खेड्यांतील माणसें अनुभवानेंच शिकलीं. “आम्हांस अमुक समजलें आहे, तमुक अजून समजलें नाहीं, तुमच्या पाहण्यांत काय आलें तें सांगा,” एवढें एक वाक्य त्या वेळीं दारांत उभें राहून बोललें गेलें असतें, तर लपविलेले किती तरी रोगी उजेडांत आले असते.

दोष एकाच बाजूचा होता असें मात्र नाहीं. गोपाळ कृष्ण गोखले त्या वेळीं विलायतेंत होते. पुण्याहून आलेल्या पत्रांवर विसंबून, शिपायांनीं दोन स्त्रियांवर अत्याचार केल्याचें त्यांनीं तेथें जाहीरपणें सांगितलें. परत आल्यावर पुरावा देण्यास कोणीच पुढें येईना, तेव्हां त्यांनीं उघड माफी मागितली. त्यावरून तसें कांहीं घडलेंच नाहीं असें ठरत नाहीं. लाजेनें व भीतीनें तोंडें मिटलीं असण्याचाही संभव आहे. पण पत्रें पाठविणारे सुशिक्षित होते, विश्वासू होते, आणि प्रसंग येतांच मागें सरले. बोल लागला तो गोखल्यांना. ऐकीव गोष्ट लिहून धाडणारांनीं हें उदाहरण नित्य ध्यानांत ठेवावें.

त्याच काळांत दुसरी वाटही दिसत होती. लोकमान्य टिळक शहर सोडून न जातां पुण्यांतच राहिले व त्यांनीं हिंदूंकरितां प्लेगचें इस्पितळ काढलें. सावित्रीबाई फुले रोग्यांची शुश्रूषा करतांनाच प्लेगनें १० मार्च १८९७ रोजीं वारल्या. मुंबईंत १८९६ च्या ऑक्टोबरांत गिरणीकामगारांच्या जमावानें आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला होता. तेथेंच पुढें जनरल गेटेकर यांनीं निरनिराळ्या जातींच्या पुढाऱ्यांस विश्वासांत घेऊन ज्ञातीज्ञातींचीं इस्पितळें उघडविलीं, आणि विरोध पुष्कळ ओसरला. हाफकिन यांनीं आपली लस १० जानेवारी १८९७ रोजीं प्रथम स्वतःस टोचून घेतली. आगाखान यांनीं तर आपल्या अनुयायांच्या डोळ्यांदेखत ती घेतली. काढ्याचा पहिला घोट स्वतः घेणारी आई ती हीच.

आतां सव्वाशें वर्षें ओलांडून २०२० सालीं येऊं. करोनाच्या सांथींत तोच १८९७ चा कायदा पुन्हां बाहेर काढण्यांत आला. टाळेबंदी चार तासांच्या सूचनेनें लागू झाली, आणि पोटाची सोय काय, गांवीं जावें कसें, हें मजुरांस कोणी सांगितलें नाहीं. १४ एप्रिल रोजीं गाड्या सुटणार अशा बातमीवर वांद्र्यास हजारोंची गर्दी लोटली. जेथें खरें बोलणें वेळेवर पोंचत नाहीं, तेथें अफवा त्याची जागा घेते.

पण त्याच मुंबईंत धारावी आहे. जेमतेम अडीच चौरस किलोमीटर जागा, कित्येक लक्ष वस्ती, एकेका खोलींत आठ-आठ दहा-दहा माणसें. १ एप्रिलला तेथें पहिला रोगी सांपडला, तेव्हां पुढच्या कल्पनेनेंच लोकांच्या अंगावर कांटा आला. तेथेंही घरोघर तपासणी झाली. रोग्यांस निराळें ठेवणेंही झालें. परंतु दारावर थाप मारणारांत त्याच वस्तींत वर्षानुवर्षें दवाखाना चालविणारे खाजगी डॉक्टर होते. ज्यानें मागच्या पावसाळ्यांत मुलाचा ताप उतरविला, त्याच्यापुढें खोकला लपवावयाचा कशाला? निराळें ठेवलेल्यांस जेवण मिळेल, औषध मिळेल, हेंही लोकांस दिसलें. जुलै महिन्यांत जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनीं धारावीचें नांव आदरानें घेतलें. पुण्याच्या वाड्यावर पडलेली थाप आणि धारावीच्या खोलीवर पडलेली थाप यांत फरक काय तो थापेपूर्वींच्या बोलण्याचा आणि बोलणाऱ्या तोंडाचा.

न समजलेलें न समजलेलें म्हणून सांगणें मोठमोठ्यांसही जड जातें. निरोगी माणसांस मुखपट्टीची सरसकट जरुरी नाहीं, असें याच संघटनेनें आरंभीं सांगितलें, आणि जूनमध्यें गर्दीच्या ठिकाणीं ती वापरावी असा सल्ला दिला. ज्ञान वाढलें कीं सल्ला बदलतो. यांत लाजेचें कारण नाहीं. मात्र पहिला सल्ला देतांनाच “हें आजच्या समजुतीप्रमाणें” असें म्हटलें असेल, तरच दुसऱ्या सल्ल्यावर लोकांचा विश्वास बसतो.

हें सारें सरकारचें काम, आपला त्यांत काय संबंध, असें कोणी म्हणेल. पण प्रत्येक घर हें लहानसें राज्यच आहे. दाराला पट्टी लागेल, शेजारी काय म्हणतील, या भीतीनें २०२० सालींही चांगल्या चांगल्या घरांतून ताप लपविला गेला. १८९७ च्या माळ्यांवरील रोग्यांत आणि यांत अंतर कितीसें? हातांतील मोबाइलवर आलेला मजकूर पुढें धाडण्यापूर्वीं, “पुरावा मागितला तर मी पुढें येईन काय?” असें एकदां मनाशीं विचारावें. वडील माणसांनीं मुलांस व म्हाताऱ्यांस काय ठाऊक आहे तें साध्या शब्दांत सांगावें, काय ठाऊक नाहीं तेंही सांगावें, आणि नियम आधीं स्वतः पाळावा. सांथ पुन्हां येईल ती विचारून येणार नाहीं. घरांतल्या माणसांनीं एकमेकांशीं खरें बोलण्याची संवय तोंपर्यंत लागलेली असावी.