चरबी : एका रूपकाची फेरतपासणी

'चरबी चढली' म्हणजे माज आला, असे मराठी म्हणते. समीक्षकालाही पाल्हाळिक गद्यातली 'चरबी' खुपते. या रूपकापुरते भांडण नाही. परंतु त्याच सवयीने काही साहित्यप्रेमी प्रयोगशाळेत मेद-ऊती घडवण्याच्या प्रयत्नांना 'सौंदर्याचे चोचले' म्हणतात, तेव्हा गप्प बसवत नाही.

कर्करोगापायी स्तन गमावलेली स्त्री किंवा भाजल्याने चेहऱ्याला खळगे पडलेला माणूस अतिरिक्त काही मागत नाही. हिरावलेले परत मागतो. १८९३ साली गुस्ताव नॉयबर या जर्मन शल्यविशारदाने हातातील मेद काढून चेहऱ्यावरील व्रणाचा खळगा भरला. अडचण तेव्हापासून तीच आहे. रक्तपुरवठा न मिळालेला मेद मरतो आणि शरीर त्याला शोषून घेते. २००१ साली पॅट्रिशिया झुक व सहकाऱ्यांनी दाखवले, की शस्त्रक्रियेत उपसून टाकून दिल्या जाणाऱ्या चरबीतही बहुगुणी पेशी असतात. त्या साच्यावर वाढवता येतात. तरी मोठ्या गोळ्याच्या गाभ्यापर्यंत रक्तवाहिन्या पोहोचवणे आजही दुष्कर आहे. आपण ज्याला फुकटचे समजतो, ते घडवणे इतके अवघड!

आयुर्वेदाने मेदाला सप्तधातूंत स्थान दिले. धातू म्हणजे धारण करणारा. आपली टीका हे विसरली.

या विज्ञानाला प्रश्न जरूर विचारावेत. हे उपचार कोणाला परवडतील? कर्करोग होऊन गेलेल्या जागी वाढीला चालना देणाऱ्या पेशी सोडणे कितपत सुरक्षित? मात्र ते अभ्यासाने विचारावेत, वाक्प्रचारातून उसन्या घेतलेल्या तुच्छतेने नव्हे.