मिक्सरचा वेग जरा आवरा

घरी केक, बिस्किटं, पाव करणाऱ्या सगळ्यांना कळकळीची विनंती आहे. स्टँड मिक्सरचं बटण मोठ्या आकड्यावर नेण्याची घाई करू नका. जोरात फिरवलं की काम लवकर आटोपतं, हा समज सोडा. वेग बदलला की पदार्थच बदलतो.

बटर केकचंच घ्या. बटर-साखर फेसायला मध्यम वेग लागतो. 10 आकड्यांच्या मशीनवर साधारण 4 ते 6. साखरेचे कण बटरमध्ये हवेचे बारीक बुडबुडे कोंडतात. बेकिंग पावडर नवे बुडबुडे करत नाही, असलेलेच फुगवते. म्हणजे केक हलका होणार की दडस, हे बरंचसं इथेच ठरतं. वेग वाढवला तर घर्षणाने बटर गरम होतं, पातळ होतं आणि कोंडलेली हवा निसटते. आपल्याकडे मे महिन्यात स्वयंपाकघर आधीच तापलेलं असतं, त्यामुळे हे फार पटकन घडतं. बटर बोटाने दाबलं तर खळगा पडावा, पण त्यावर तेलकट चकाकी नको. चकाकी दिसली की भांडं 10 मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. मिश्रण पिवळ्याचं फिकट पांढुरकं होईपर्यंत फेसा, मध्ये दोनदा मशीन बंद करून तळ आणि कडा खरवडा.

मैदा मात्र सगळ्यात कमी वेगावरच. ओला मैदा जितका घुसळाल तितकं त्यातलं ग्लुटेन ताणलं जातं आणि केक चिवट होतो. मैद्याची शेवटची पांढरी रेघ मिसळायला मशीनची गरजच नाही. ती उलथन्याने, हातानेच मिसळा.

पावाची गोष्ट उलटी. तिथे ग्लुटेन हवंच असतं, तरीही वेग कमीच ठेवायचा. किचनएड कंपनीच्या मिक्सरच्या पुस्तिकेत यीस्टच्या कणकेसाठी 2 नंबरच्या वर जाऊ नका, असं स्पष्ट सांगितलेलं आहे. घट्ट गोळा हुकला धरून भांड्यावर आपटत राहतो, मोटरवर आणि गिअरवर ताण येतो, कणीकही तापते. मशीन टेबलावर सरकू लागलं किंवा मोटरचा आवाज जड झाला, तर गोळा दोन भागांत मळा. गव्हाच्या पिठाचा घट्ट गोळा असेल तर हे आधीच करा. मळून झालं का, हे घड्याळ सांगत नाही. लिंबाएवढा गोळा घेऊन दोन्ही हातांनी हळूहळू ताणा. पातळ पडदा तयार झाला, उजेड आरपार दिसला आणि तो फाटला नाही, की झालं.

मोठे आकडे खरे लागतात ते अंड्याच्या पांढऱ्यासाठी आणि क्रीमसाठी. तिथेही सुरुवात मध्यम वेगाने करा. बुडबुडे लहान राहतात, फेस टिकतो. क्रीमवर व्हिस्कच्या रेघा उमटू लागल्या की वेग उतरवा आणि तिथून हलू नका. आणखी थोडं फिरलं तर कणी पडते, मग लोणी आणि पाणी वेगळं होतं. 25 टक्के फॅटची पाकिटातली फ्रेश क्रीम मात्र कुठल्याच वेगावर घट्ट उभी राहत नाही, तिच्यामागे मशीन शिणवू नका.

प्रत्येक कंपनीचे आकडे वेगळे असतात. आपल्या मशीनच्या पुस्तिकेत कणकेसाठी जो वेग दिला असेल, तो कागदावर लिहून मशीनलाच चिकटवा. घरात दुसरं कुणी ते वापरत असेल, तर आजच.